हेमाच्या प्रश्नाचं बक्षीस

"सुक्क्याला देऊ का रश्श्याला?" मटणवाल्या गुंडूने सुरी पुसत विचारलं.

दोन्हीला, असं मी म्हणालो. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. हेमा गेल्यापासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो.

"पाहुणे हाईत का, सर?"

"पुण्याचे आहेत."

"मग चांगलं देतो. तिकडं काय खातात बिचारे, देव जाणे."

तो तुकडे करत होता आणि मी रस्त्याकडे बघत उभा होतो. मला मांसाकडे बघवत नव्हतं. शेवटच्या महिन्यांत हेमाला साध्या फोडणीच्या वासानेही उलटी व्हायची. त्यामुळे घरात मटण शिजणं बंद झालं. मग ती गेली, आणि ते बंदच राहिलं. त्या दिवशी मी पुन्हा शिजवणार होतो, कारण हेमाने लोकांना एक शब्द दिला होता आणि तो पुरा करायला आता ती नव्हती.

मी शाळेत खेळाचा मास्तर. कबड्डी शिकवली, पोरं तयार केली, दुसरं काही केलं नाही. हेमा कोल्हापूरच्या बाहेर एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि इंटरनेटवरची रहदारी कशी चालते यावर संशोधन करायची. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिच्याकडच्या लोकांना वाटलं होतं की या दोघांना बोलायला काय विषय मिळणार. विषय मिळाला. ती मला समजेल असं बोलायची, आणि मला समजलं नाही तर दोष स्वतःला द्यायची.

एकदा ती मला डबा द्यायला शाळेच्या मैदानावर आली होती. मी अजून आत होतो आणि पोरांनी माझी वाट न बघता डाव सुरू केला होता. मी बाहेर आलो तर ही डबा हातात धरून खेळ बघत उभी. घरी आल्यावर तिने विचारलं, पंच नसताना ज्याला हात लागला तो पोरगा बाहेर कसा जातो. नाही लागला म्हणाला तर त्याला कोण अडवणार?

"नंतर बाकीची पोरं त्याला धरून बडवतील की," मी म्हणालो.

ती हसली. म्हणाली, "तुमच्या मैदानावर सगळे एकमेकांना ओळखतात. आमच्याकडे कोण कुणाला बडवणार? कुणालाच माहीत नसतं शेजारी कोण आहे."

मग तिने तिचा प्रश्न सांगितला. लाखो मशीन एकाच तारेवरून बोलत असतात. तार भरली की प्रत्येकाने आपणहून हळू व्हायचं असतं. हळू हो म्हणून सांगणारा मध्ये कुणी नसतो. समोरून उत्तर यायला उशीर झाला की ज्याने त्याने ओळखायचं आणि मागे सरायचं. जो सरत नाही त्याचं काम आधी होतं, आणि जो सरतो त्याचं राहतं. हे सगळं आजवर चाललं आहे ते बहुतेक जण नीट वागतात म्हणून. तिला शोधायचं होतं ते हे: असा नियम करता येईल का, की मध्ये पंच न ठेवताही मागे सरणाऱ्याचं नुकसान होणार नाही? येत असेल तर तो नियम दाखवा, आणि येत नसेल तर येत नाही हे सिद्ध करा.

"पंच ठेवायचा की मग," मी म्हणालो होतो.

"पंच ठेवला की तो कुणाचा तरी असतो," ती म्हणाली. ते मला पटलं. मी जिल्ह्याच्या स्पर्धा बघितलेल्या होत्या.

या लोकांची एक रीत आहे. वर्षातून एकदा सगळे कुठेतरी जमतात आणि एक संध्याकाळ फक्त न सुटलेल्या प्रश्नांसाठी ठेवतात. ज्याच्याकडे प्रश्न असेल त्याने उभं राहून तो मांडायचा, आणि वाटलं तर बक्षीस लावायचं. बक्षीस पैशाचं नसतं, गमतीचं असतं. कुणी आंब्याची पेटी लावतो, कुणी जुनी सायकल. हेमाने उभं राहून सांगितलं होतं की हा प्रश्न जो सोडवेल त्याला कोल्हापूरला माझ्या घरी तांबडा-पांढरा रस्सा, आणि तो माझा नवरा करेल. लोक खूप हसले म्हणे. मला ते तिने घरी आल्यावर सांगितलं. मी म्हणालो, अगोदर मला विचारायचं तरी. तर म्हणाली, "इतक्यात नाही सुटत तो. तुम्ही निवांत असा."

तिला जाऊन दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा शहनाजचा फोन आला.

शहनाज मुल्ला मिरजेची. हेमाची विद्यार्थिनी. आमच्या घरी ती मुलीसारखी वावरलेली, हेमाच्या आजारपणात रात्री बसलेली. पुढे ती पुण्याला एका संस्थेत डॉक्टर रेग्यांच्या हाताखाली लागली. नोकरी कंत्राटी होती, कायम करणं रेग्यांच्या हातात होतं. फोनवर ती म्हणाली की मॅडमचा प्रश्न सुटला आहे, रेगे सरांनी आणि तिने मिळून सोडवला आहे, आणि रेगे सर बक्षिसासाठी कोल्हापूरला यायचं म्हणतात.

मी पलंगावर बसलो. मला आनंद झाला आणि तो कुणाला सांगावा ते कळेना. शहनाजचा आवाज पडलेला होता. मला वाटलं, तिलाही हेमाची आठवण येत असेल.

तर त्या रविवारी मी पहाटेपासून स्वयंपाकाला लागलो. खोबरं खवलं, दूध काढलं, तीळ, खसखस, काजू वाटले. मटणाचं अळणी पाणी काढताना वाफ तोंडावर आली आणि मला उमासा आला. दारात जाऊन उभा राहिलो, परत आलो, आणि पुढचं केलं. तांबडा झाला, पांढरा झाला, सुक्कं झालं. शेजारच्या सुमनवहिनींनी भाकरी करून दिल्या. त्या म्हणाल्या, "आज घराला घराचा वास आला बघा, भावजी."

रेगे दुपारी आले. गोरे, टापटीप, माझ्याच वयाचे. हातात पेढ्यांचा बॉक्स. मागे शहनाज, नजर खाली. मी तिला बारीक झालीस म्हणालो, तर ती नुसती हसली. रेग्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन हेमाच्या फोटोला हात जोडले, आणि लगेच खिशातून मोबाइल काढून त्या फोटोचा फोटो घेतला. तो त्यांना पसंत पडला नाही.

"पोवारसाहेब, हार जरा बाजूला घेता का? चेहरा झाकला जातोय."

मी हार बाजूला घेतला. त्यांनी तीन-चार फोटो काढले. मग म्हणाले की जेवताना तुम्ही याच फोटोखाली उभे राहा, हातात पळी घेऊन, मी ताटावर बसतो, शहनाज काढेल. हा फोटो पुढे सगळ्यांना पाठवायचा आहे. मला ते बरं वाटलं नाही, पण पुण्याचे लोक सगळ्याचेच फोटो काढतात असं मी मनाला सांगितलं.

आधी मी त्यांना सुक्कं दिलं. ते चवीने खाणारे होते. नळी हातात घेऊन त्यांनी ती ताटावर आपटली, तोंडाला लावून ओढली, परत आपटली. ओठांवर तेल आलं होतं. तोंडात घास असतानाच ते हेमाबद्दल बोलत होते. बाई हुशार होत्या, पण लहान गावात राहिल्या. बाईंना योग्य संगत मिळाली असती तर. बाईंच्या आजाराचं कळलं तेव्हा मी परदेशात होतो, नाहीतर आलोच असतो. मधेच ते मान मागे टाकून म्हणाले, वा, काय चव आहे, आणि बोटं चाटली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. त्याच बोटांनी त्यांनी फोटोच्या काचेवर हेमाच्या तोंडाजवळ दाखवलं होतं की उजेड इथे पडतोय.

हेमाच्या प्रश्नाबद्दल ते काही बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं. मला कळणार नाही असं त्यांनी धरलं असावं, आणि मीही तसंच धरलं होतं.

शहनाजच्या ताटातलं सुक्कं तसंच होतं. मी रस्सा आणायला आत गेलो, तशी ती मदतीला म्हणून मागून आली. मी पांढऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वाटी पुढे ओढली. तिने वाटीवर हात ठेवला.

"सर, थोडं थांबा."

मी तिच्याकडे बघितलं. ती दाराकडे बघत हळू आवाजात बोलायला लागली. न सुटलेल्या प्रश्नांची यादी बंगळुरूचे रामनाथन म्हणून एक वयस्कर प्राध्यापक सांभाळतात. बक्षीस दिलं गेलं की ते प्रश्नासमोर सुटला असं लिहितात. बाकी काही बघत नाहीत, कारण ज्याने प्रश्न मांडला तोच उत्तर पारखून बक्षीस देणार हे त्यात धरलेलं असतं. प्रश्न मांडणारं माणूस गेलं आणि बक्षीस नवऱ्याच्या हातात राहिलं, असं कधी झालंच नव्हतं. रेग्यांच्या ते ध्यानात आलं. एका कंपनीशी त्यांचं बोलणं चालू होतं, आणि यादीत सुटला असं आलं की करार होणार होता.

"म्हणजे मी ताट वाढलं की प्रश्न बंद," मी म्हणालो.

"हो."

"मग बरोबर आहे की. सुटलाय ना तो?"

तिने पुन्हा दाराकडे बघितलं. बाहेर रेगे नळी आपटत होते.

"शहनाज, सुटलाय का?"

"पंच ठेवलाय, सर," ती म्हणाली.

मी झाकण परत पातेल्यावर ठेवलं. तिला विचारलं, तुझं नाव आहे ना त्यावर. आहे म्हणाली. मग आता का सांगतेस, पुण्याहून फोन केलास तेव्हा का नाही सांगितलंस? यावर ती म्हणाली की पुढच्या महिन्यात तिला कायम करणार आहेत. मला तिचीही किळस आली. तिच्या त्या खाली गेलेल्या मानेची, पडलेल्या आवाजाची. हेमाच्या उशाशी हीच पोरगी बसली होती.

मी हात पुसून बाहेर आलो आणि रेग्यांच्या समोर पाटावर बसलो. म्हणालो, डॉक्टरसाहेब, मी खेळाचा मास्तर आहे, मला जमेल तसं सांगा. हळू व्हायचं असताना जो हळू होत नाही, त्याचं तुमच्या उत्तरात काय होतं?

त्यांनी माझ्या मागून आलेल्या शहनाजकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळून छान हसले. म्हणाले, सोपं आहे. जिथे तारा एकत्र येतात तिथे आम्ही एक पेटी ठेवतो. ती प्रत्येकाला ओळखते. जो आगाऊपणा करेल त्याला ती मागे ढकलते.

"म्हणजे पंच."

"तसं म्हणा हवं तर."

"पंचाला पगार कोण देणार?"

"पेटी कंपनीची असेल. स्वाभाविक आहे."

"आणि कंपनीच्या गिऱ्हाइकाने आगाऊपणा केला तर?"

ते हसत म्हणाले, "पोवारसाहेब, थोडं इकडेतिकडे सगळीकडेच होतं. तुम्ही खेळातले आहात, तुम्हाला मी काय सांगणार?"

मी म्हणालो, हेमाचा प्रश्न पंच नसतानाचा होता. त्यांनी हाताने माशी वारावी तसं केलं. म्हणाले, बाईंनी तो जरा भाबडेपणाने मांडला होता. व्यवहारात तसा प्रश्न कुणाला पडत नाही. आम्ही तो व्यवहारात बसवला आणि सोडवला, नाव त्यांचंच राहणार आहे, उलट या पेटीमुळे त्यांचं नाव जगभर जाईल. पेटीला त्यांचं नाव द्यायचंही कंपनीने कबूल केलं आहे.

"हेमाचं नाव पेटीला?"

"हेमलता. सुंदर नाव आहे. तिकडच्या लोकांना उच्चारताही येतं."

त्यांच्या ओठांवर अजून तेल होतं. हनुवटीला मसाल्याचा एक कण चिकटला होता. या माणसासाठी मी पहाटे उठून खोबरं खवलं होतं.

मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, तुम्ही पाहुणे म्हणून आलात, पाहुणचार झाला. रस्सा मिळणार नाही. तुम्ही आता निघा.

ते निघाले नाहीत. मला वाटलं होतं चिडतील, आवाज चढवतील. तसं काही केलं नाही. मायेने बोलल्यासारखं म्हणाले की मी समजू शकतो, जखम अजून ओली आहे. मग शहनाजला म्हणाले, तू मोबाइल घे. आणि स्वतः वाटी हातात घेऊन उठले.

"तुम्ही दमला आहात. मीच घेतो वाढून. घर तेच, रस्सा तोच. फोटोत तेवढे उभे राहा, म्हणजे झालं."

आणि ते माझ्या स्वयंपाकघरात गेले. माझ्या परवानगीची त्यांना गरज वाटली नाही. मी नाही म्हणालो होतो, दार दाखवलं होतं, आणि तो माणूस हेमाच्या ओट्याजवळ उभा राहून पळी शोधत होता. त्याला माहीत होतं की मी पाहुण्यावर हात टाकणार नाही. मी शिक्षक आहे, घर भरवस्तीत आहे, शेजारी वहिनी आहेत. हे सगळं धरूनच तो आला होता.

मी त्याच्या मागून आत गेलो. पळी त्याच्या हातात होती. मी फडकं न घेताच पांढऱ्याचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, मोरीपाशी नेलं आणि ओतलं. सगळं. मग तांबडा ओतला. तिखटाची वाफ वर आली, आम्ही सगळे खोकायला लागलो. मटणाचे तुकडे मोरीच्या जाळीवर पडून राहिले. तळहात भाजले होते ते मला नंतर कळलं.

रेगे पळी धरून उभे होते. मग त्यांनी ती ओट्यावर ठेवली, नळाखाली हात धुतले, माझ्याच फडक्याला पुसले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला होता, पण राग नव्हता त्यात. फुकट वेळ गेला असं काहीतरी होतं.

"अन्न असं टाकू नये, पोवारसाहेब," ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या आणि शहनाजला हाक मारली. ती भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिने थांबावं असं मला फार वाटलं. ती चपला घालून त्यांच्या मागून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी मोरीत बसून एकेक तुकडा वेचून पिशवीत भरला.

सुमनवहिनींनी गल्लीत सांगितलं असावं. पुढचे काही दिवस लोक माझ्याशी जरा सांभाळून बोलत होते, वेड्या माणसाशी बोलतात तसं. मोरीत थिजलेली चरबी कितीही उकळतं पाणी टाकलं तरी निघेना. त्या वासात मी झोपायचो आणि उठायचो. रेग्यांना मनात शिव्या घालायचो, पण थोड्या वेळाने त्या संपायच्या. जो तसाच आहे त्याला किती शिव्या घालणार. शहनाजला घातलेल्या शिव्या संपत नव्हत्या. तिला माहीत होतं आणि तरी ती गाडीत बसली. तिने मला सांगितलं ते तरी कशासाठी? स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगितलं आणि नोकरी वाचवायला गेली, असंच मी धरून चाललो होतो. तिचे दोन फोन आले ते मी घेतले नाहीत.

रेग्यांचं काही अडलं नाही हेही सांगून टाकतो. कंपनीने शेवटी पेटी बाजारात आणली, दुसऱ्या कुणाचं तरी नाव दिलं. आज ते त्या संस्थेचे संचालक आहेत. पेपरात फोटो येतो. मी पान उलटतो.

भाजलेल्या हातांची कातडी निघून गेली होती तेव्हा बंगळुरूहून रामनाथन यांचा फोन आला. म्हातारा आवाज, मोडकं हिंदी. माझंही तसंच. त्यांनी आधी हेमाची चौकशी करावी तशी तिची आठवण काढली. तिने बक्षीस जाहीर केलं तेव्हा ते त्या खोलीत होते. मग म्हणाले, मला एकच विचारायचं आहे, तुमचा शब्द पुरे, बाकी कुणाला विचारणार नाही. ताट वाढलं का?

"नाही," मी म्हणालो.

ठीक आहे म्हणाले. प्रश्न यादीत आहे तसाच राहील. मला वाटलं, आता फोन ठेवतील. पण ते थांबले. म्हणाले की खरं तर मी तो खोडणारच नव्हतो, तुम्हाला विचारलं ते फक्त रीत म्हणून. त्या रविवारी संध्याकाळीच मला एक फोन आला होता. मागे ट्रकचे आवाज होते, साताऱ्याच्या अलीकडे गाडी चहाला थांबली आहे असं ती मुलगी म्हणाली. म्हणाली की या उत्तरात पंच आहे, हे हेमलतांच्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि यावरून माझं नाव काढा. मी तिला म्हटलं, बाळ, तुझी नोकरी जाईल. तर म्हणाली, हो.

तिकडून त्यांनी दोनदा हॅलो केलं. मग मी त्यांना विचारलं, तुम्ही आधी तिला काही विचारलं होतं का, की तिने आपणहून फोन केला?

"आपणहून," ते म्हणाले. "मला तर तोवर यातलं काही माहीतच नव्हतं."